वारा मंदावतो त्या वर्षी

शैलाताई गेली, हे भाचीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी दर्यापूरला बियाण्यांच्या रांगेत उभा होतो. रांग सोडली आणि मिळेल त्या जीपनं अकोला गाठलं. त्याला आता दीड महिना झाला.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. काळ्या मातीतली पोर, पण नोकरीची सगळी वर्षं तिची समुद्राचं तापमान मोजण्यात गेली. वर्षातले काही महिने तर जहाजावरच. निवृत्तीनंतर ती अकोल्यात राहायला आली. एका उन्हाळ्यात सहज म्हणाली, प्रशांत महासागर तापतोय, यंदा पाऊस कमी दिसतो, सोयाबीन जरा कमीच पेर. मी ते गावभर सांगितलं. माझं ऐकून चौघांनी सोयाबीनऐवजी ज्वारी पेरली... आणि पाऊस शेवटी इतका रेंगाळला, की कणसं उभ्यानं भिजून काळी पडली. फोनवर मी तिला नको ते बोललो.

दुसऱ्याच दिवशी ती गावात आली. त्या चौघांना घरी बोलवायला लावलं. त्यांतल्या शंकरकाकांनी विचारलं, समुद्र तोच, ऊन तेच, मग पाणी दरसाल वेगळं काहून? ताईनं परातीत पाणी घेतलं, वर हळद भुरभुरली आणि टेबलफॅन लावला. हळद एका काठाला जमली. तिनं समजावलं, की प्रशांत महासागरावरचा वारा उन्हानं तापलेलं वरचं पाणी असंच पश्चिमेला ढकलतो आणि पूर्वेला खालचं थंड पाणी वर येतं. एखाद्या वर्षी वारा मंदावतो, तापलेलं पाणी माघारी सरकतं. त्यानं वारा आणखीच ढिला पडतो. मग आपल्याकडचा पाऊस हटतो, पण दरवेळी नाही, सगळीकडे नाही. दुसरेही समुद्र आहेत, ढग आहेत.

"समुद्र तापला हे खरं व्हतं," ती म्हणाली. "पण तुमच्या वावरात काय पेराचं, हे मी सांगाले नाई पायजे व्हतं. तिथं मी चुकली."

 जाताना शंकरकाका तिला जेवायला बोलावून गेले. माझं माफी मागणं मात्र राहूनच गेलं.

तेराव्याला भाचीनं मला गच्चीवर नेलं. टाकीत दोरीनं सोडलेला थर्मामीटर होता. बाजूच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा ताईच्या बारीक अक्षरात, दवाखान्यात नेलं त्या सकाळपर्यंत. पुढचे चौकोन कोरे. मी दोरी ओढली, आकडा वाचला... आणि भाचीकडून पेन मागून घेतलं.