आक्काची अळणी आणि माझा डावा डोळा

माझा उजवा डोळा गेला तेव्हा मला पत्ताच लागला नाही. काचबिंदूची रीतच तशी. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो आणि आपण चष्म्याच्या नंबराला दोष देत बसतो. मी शाळेत इतिहास शिकवायची. फळ्याच्या कडेचं दिसेनासं झालं तेव्हा फळा नीट पुसत नाहीत म्हणून मी मुलांवरच खेकसले. डॉक्टरांकडं पोचले तोवर उजव्यात नुसता उजेड-अंधार उरला होता.

राहिला डावा. त्याच्यातला दाब थेंबांच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवूनही उतरेना, म्हणून ऑपरेशन ठरलं. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं, त्याला बाहेर पडायला वाट लागते. माझी वाट बंद झाली होती. डॉक्टरांनी कापून एक बारीक नवी वाट करून दिली आणि दाब उतरला. मला वाटलं, सुटले. लग्न मी केलं नाही, कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. निवृत्तीनंतर रंकाळा तलावाच्या अंगाला दोन खोल्या घेऊन मी माझ्या मर्जीनं राहते, मर्जीनं झोपते, आणि नको तो पाहुणा आला तर दार उघडत नाही. हे सगळं त्या एका डोळ्याच्या जिवावर चाललं होतं.

ऑपरेशन झाल्यावर माझं बघायला आक्का आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नेसरीला दिलेली. शेत, म्हशी, सुना आणि नवरा या सगळ्यांना ती एकाच आवाजात हाकते. आल्या आल्या तिनं मटण आणवलं आणि अळणी चढवली. आमच्याकडं कुणी बाळंत होऊ दे, कुणाचं हाड मोडू दे, कुणाचं पोट कापू दे, त्याला तिखट पडायच्या आधीचं मटणाचं पाणी वाटीवाटीनं पाजायचं, हा शिरस्ताच आहे. डॉक्टरच्या गोळीवर एकवेळ शंका घेतील, अळणीवर घेणार नाहीत.

"पी गप. जखम भरून याय पायजे," आक्का म्हणायची आणि वाटी रिकामी होईस्तोवर समोर उभी राहायची.

जखम भरून आली. एवढी छान भरली की केलेली वाटच बुजून गेली. एकविसाच्या आत हवा असलेला दाब काही महिन्यांत पुन्हा बत्तीसवर जाऊन बसला. डॉक्टर म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची एक शांत मुलगी. तिनं दोनदा तपासलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं शरीर जखम फार पटकन भरतं. एरवी ही चांगली गोष्ट. पण इथं ती वाट उघडी राहायला हवी होती."

आक्का माझ्या शेजारी बसली होती. येताना रिक्षावाल्यानं लांबचा रस्ता धरला, तरी ती त्याच्याशी भांडली नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळायला हवं होतं. पण मी माझ्याच भीतीत होते. हा डोळा गेला तर घर बंद करून नेसरीला जावं लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आक्काच्या घरी मला कुणी काही कमी पडू दिलं नसतं. पण तिथं मी कधी अंघोळ करायची हे ती ठरवणार, मला हाताला धरून संडासला नेणार, आणि मी, जिनं जन्मभर वर्गाला गप्प बसवलं, ती कोपऱ्यात गप्प बसणार. मला त्याची फार भीती वाटत होती. रात्री दिवा घालवायलासुद्धा नको वाटायचं.

"काय बी हुत न्हाय तुला," आक्का म्हणाली. "उगं डोकं खाऊ नगं."

मधे ती चार दिवस नेसरीला जाऊन आली. पुढच्या खेपेला डॉक्टरनं अल्ट्रासाऊंडचा उपाय सांगितला. आक्कानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"म्हंजी सोनोग्राफी? पोटातलं बघत्यात ती? ह्या वयात हिला?"

डॉक्टर हसली. म्हणाली, "जात तीच, काम वेगळं. कानाला ऐकू न येणारा आवाज. तो नेमक्या जागी एकवटला की तिथं ऊब तयार होते. डोळ्यात पाणी बनवणारा जो भाग आहे, त्याचे थोडे ठिपके त्या उबेनं निकामी करायचे. आजी, मोरी तुंबली म्हणून मागच्या वेळी आपण मोरीला वाट पाडली. ती बुजली. आता नळच बारीक करू. कापाकापी नाही."

मग माझ्याकडं वळून तिनं सगळं उघड सांगितलं. गेलेली नजर यानं परत येणार नाही. आहे ती टिकावी म्हणून हे करायचं. दाब उतरायला काही आठवडे लागतील, पुरेसा उतरला नाही तर पुन्हा करावं लागेल, आणि काही जणांना उपयोग होतही नाही. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं. मी तिला एवढे उलटेसुलटे प्रश्न विचारले की बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. तिनं एकाही प्रश्नाला कंटाळा केला नाही, म्हणून मी हो म्हटलं.

त्या दिवशी भीती वाटली ती इंजेक्शनपुरतीच. डोळ्याजवळ सुई टोचली, डोळा बधिर झाला. मग पापण्यांच्या आत एक छोटी वाटी बसवली, तिच्यात यंत्राचं गोल कडं आणि पाणी. यंत्र थांबून थांबून बारीक आवाज करायचं आणि प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायची, "छान, हलू नका." आत कुठंतरी कोमट झाल्यासारखं वाटलं, की तो माझ्या मनाचा खेळ होता, कोण जाणे. अशा वेळी मोठमोठे विचार येतात म्हणतात. मी आपली गॅस बंद केला का हे आठवत पडले होते. चहा गार व्हायच्या आत सगळं उरकलं. डोळा लालभडक झाला, थोडा ठणकला, आणि त्याच दुपारी मी घरी आले.

आणि माझी उपासमार सुरू झाली.

आक्का मला पेज घालायची. भाताची, पातळ, वर तुपाचा थेंब नाही. वरणात डाळ शोधावी लागायची. अंडं मागितलं तर ऐकू न आल्यासारखं करायची. रविवारी शेजारून मसाला भाजल्याचा वास आला आणि माझा तोल गेला.

"आक्का, तुरुंगात बरं जेवायला घालत असतील. काय नवस बोललीस का काय?"

"गप खा की. काय मरत न्हाईस."

मी अबोला धरला. ती माझ्या अबोल्याला भीक घालत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. चार-दोनदा तपासणी झाली. दाब थोडा उतरला, मग आणखी थोडा. एकदा उलटा चढल्यासारखा वाटला आणि मी ते दोन-तीन दिवस पेजेलासुद्धा नावं ठेवली नाहीत. मग एका सकाळी डॉक्टरनं यंत्र बाजूला सारलं आणि म्हणाली, "सतरा. मॅडम, आता मी खूश आहे."

माझा जीव भांड्यात पडला. मी रडले. वर्गात कधी रडले नव्हते, त्या परक्या मुलीसमोर खुर्चीत बसून रडले आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

माझं रडणं आवरायच्या आत आक्का पुढं सरकली. "डॉक्टरीणबाई, एक इचारू? आता हिला मटान घातलं तर चालंल का? मागल्या टायमाला माझ्याच अळणीनं ती वाट बुजली. रोज दोन येळ मीच पाजली की वं. म्हणून ह्या टायमाला हिच्या अंगात ताकद येऊच दिली न्हाय मी."

डॉक्टर हसली नाही, याबद्दल मी तिला जन्मभर मानेन. तिनं खुर्ची आक्काकडं वळवली. "आजी, तुम्ही नुसतं पाणी पाजलं असतं तरी ती बुजली असती. काहींच्या डोळ्याची ठेवणच तशी असते. अळणीचा काही संबंध नाही. आणि या वेळी आपण कापलेलंच नाही, तर बुजणार काय?"

आक्कानं तोच प्रश्न आणखी दोनदा, शब्द बदलून विचारला. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, नाक ओढलं आणि मला म्हणाली, "ऊठ. मटानाचं दुकान बंद हुईल."

त्यानंतर मी नेसरीला गेले ती एकटी. स्टँडवर गाडीची पाटी मी स्वतः वाचली. कुणाला 'पावणं, ही नेसरी का?' असं विचारलं नाही. आक्का चुलीपाशी होती, मटण रटरटत होतं. हातपाय धुवायला म्हणून मी घरामागच्या परड्यात गेले. तिथं मागच्या खोलीच्या दारापासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून संडासापर्यंत, खुंट रोवून एक दोरी ताणून बांधली होती. कपड्यांची म्हणावी तर एकही कपडा नव्हता, आणि उंची माझ्या कमरेएवढी. मी दोरीला हात लावून चालले. हाताला एक गाठ लागली आणि पुढंच पायरी आली. पुढं दुसरी गाठ, तिथं दगड वर आलेला. जिथं जिथं ठेच लागली असती, तिथं तिथं गाठ होती.

मी आत येऊन विचारलं, "ही दोरी कधी बांधलीस?"

ती पळीनं ढवळत राहिली. "तुजं पयलं आपरेशन फसलं तवा."

"तू तर म्हणत होतीस, काही होत नाही म्हणून."

"तोंडानं म्हणाय काय जातंय?" ती म्हणाली. "सोडून टाक ती आता. म्हशीला दावं न्हाय."

मी परत परड्यात गेले, दोरी खुंटांवरून उतरवली आणि पायरीवर बसले. गाठी तिनं चांगल्या आवळल्या होत्या. उजेडाकडं धरून, डाव्या डोळ्यानं बघत एकेक पीळ ढिला करायला मला पुष्कळ वेळ लागला. आक्कानं जेवायला दोनदा हाक मारली, तरी मी उठले नाही.