ही माझी पाहुणी

तुमच्या घरी काम करणारी बाई तुमच्या इमारतीत कोणत्या दाराने येते, आणि त्या दारातून तुम्ही स्वतः कधी गेला आहात का?

हा प्रश्न माझा नाही. अबुधाबीत, रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये, ओळखदेख नसताना एका पांढऱ्या बॉबकटवाल्या बाईंनी तो मला विचारला होता. मी तोंड उघडेपर्यंत त्यांचा मजला आला. उतरता उतरता म्हणाल्या, "घाई नाही. विचार करून घरी येऊन सांग." टॉवरमधली मराठी मंडळी त्यांना कोर्टबाई म्हणत. मी नुसतं बाई म्हणायचे.

बाई मूळच्या वसईच्या. मुंबईच्या एका लॉ कॉलेजात इंग्रजी कायद्याचा इतिहास शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नवरा गेल्यावर त्या मुलाकडे, बँकेत असलेल्या नेल्सनकडे, राहायला आल्या. शतकांपूर्वीच्या भानगडी त्या अशा सांगायच्या, जणू शेजारच्या फ्लॅटमध्ये काल रात्री घडल्यात. "अगं, लग्न झालं की बाई कायद्याच्या लेखी नाहीशीच व्हायची! तिनं कमावलेला पैसासुद्धा नवऱ्याचा. आणि नोकरानं काम अर्धवट सोडलं तर त्याला तुरुंग, मालकानं करार मोडला तर नुसता दावा. आहे का लाज?" हे सांगताना त्या खरोखर संतापायच्या आणि संताप ओसरला की पुढ्यात केक सरकवायच्या.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील पिंपरीत कामगारांची पत्रकं लिहीत, छापत, वाटत. कायदा म्हणजे मालकाच्या घरचं कुत्रं, हे मी बाराखडीच्या आधी शिकले होते. तसं मी बाईंना सुनावलंही. त्या म्हणाल्या, "असेल. पण कुत्रं ज्याच्या हातचं खातं त्याचं होतं. लोकांनी भाकरी टाकायला कधी सुरुवात केली, तेवढाच माझा विषय."

मग त्यांचा विषय त्यांच्या मागोमाग विमानानं आला. आमचं बेट शेजारच्या आर्थिक क्षेत्राच्या हद्दीत गेलं आणि दिवाणी, व्यापारी व्यवहारांना इथे इंग्रजी कायदा लागू झाला. लोक फ्लॅटच्या किमती काय होणार याची चर्चा करू लागले. ओनर्स कमिटीतले साठेकाका तर उठता-बसता "आता आपल्याकडे इंग्लिश लॉ आहे" म्हणायला लागले. जणू तो त्यांच्याच पार्किंगमध्ये उभा होता.

त्याच उन्हाळ्यात कमिटीनं बागेचं गेट कार्डावर केलं. टॉवरमधून बागेतून सरळ बसस्टॉपला जाता येतं. सगळी वाट झाडांच्या आणि मांडवाच्या सावलीतून. नवा नियम असा, की गेट फक्त रहिवाशांना आणि त्यांच्याबरोबरच्या पाहुण्यांना. स्टाफनं पार्किंगच्या उतारावरून बाहेर पडायचं आणि चालू बांधकामाला वळसा घालून बसस्टॉप गाठायचा. त्या वळशात सावली म्हणून नाही. लता ही क्लिनिंग कंपनीची बाई, मालवणकडची, आमच्या टॉवरमधली पाच-सहा घरं करायची. बाईंचंही करायची. ऑगस्टमध्ये एका दुपारी त्या वळशावर तिला चक्कर आली आणि ती फुटपाथवर बसली. बस निघून गेली. पुढची येईपर्यंत ती तिथेच, उन्हात.

मी संतापून एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, 'सावलीचे मालक कोण?' बाईंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"भाषा झकास आहे. पण यात लता कुठे आहे?"

"शोषित वर्ग लिहिलंय ना, बाई."

"शोषित वर्गाला पाचची बस पकडायची नसते गं. लताला असते." त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "आणि परवानगीशिवाय हे इथे वाटलंस तर तू पुढच्या विमानानं घरी जाशील आणि लता त्याच उन्हातून चालेल. तुझ्या वडिलांना चालेल असा हिशोब?"

"मग गप्प बसायचं?"

"गप्प कुठे? सोंग आणायचं."

मग त्यांनी मला कायद्यातली सोंगं सांगितली. एके काळी परदेशात झालेल्या व्यवहाराचा दावा लंडनच्या कोर्टात चालत नसे. व्यापार तर समुद्रापार पोचलेला. तेव्हा वकील बेधडक लिहायचे, की ते परदेशी गाव लंडनच्याच एका पेठेत आहे! न्यायाधीशाला ठाऊक, समोरच्याला ठाऊक, पण ते खोटं आहे म्हणायची सोय नाही. "समाज पुढे जातो, नियम मागे राहतो. मधल्या खड्ड्यावर आधी सोंगाची फळी टाकतात. पुरेशी माणसं तिच्यावरून गेली की मग पूल बांधतात."

दुसऱ्या दिवशी पाचच्या आत बाई लताला घेऊन गेटवर हजर. गार्ड बिचारा म्हणाला, "मॅडम, ये तो स्टाफ है."

"नहीं बेटा. ड्युटी खलास. अब ये मेरी मेहमान है."

लता संकोचानं अर्धी झाली होती. "बाई, पाहुणी कशी मी? आत्ताच तुमचं बाथरूम घासलं."

"पाहुण्यांनी घासू नये असं नियमात कुठे लिहिलंय?" असं म्हणून बाईंनी कार्ड लावलं.

मला हे पटलं नव्हतं. "पाहुणी म्हणून का? हक्क म्हणून का नाही?" मी भांडले. बाई म्हणाल्या, "तुला तत्त्व हवंय, तिला सावली हवीये. तत्त्व उन्हात थांबू शकतं." आजही हे वाक्य मला पुरतं मान्य नाही. पण ते खोडायला गेले, की लता फुटपाथवर बसलेली दिसते.

साठेकाकांनी त्यांना लॉबीत गाठलं. "बाई, रूल इज रूल. इंग्लिश लॉ आहे आता इथे."

"साठे, त्याच्याबद्दल मला सांगू नका. आम्ही चाळीस वर्षं एकत्र काढलीत."

"पण रोज रोज तीच पाहुणी?"

"माझ्याकडे येतात बाई रोज पाहुणे. तुमच्याकडे येत नसतील तर कारण शोधा."

लॉबीतला सोफासुद्धा हसला असेल. साठेकाकू तर उघडच हसल्या.

सोंग वठवायचं तर नीट, हा बाईंचा हट्ट. म्हणून काम संपलं की लतानं टेबलाशी बसून चहा घ्यायचा, घरातल्या कपांतून. पहिले काही दिवस ती खुर्चीच्या कडेवर बसायची. मग टेकून बसायला लागली. मग एक दिवस म्हणाली, "बाई, साखर कमी घाला हो, किती सांगायचं!" बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. खटला जिंकलेल्या वकिलाचा चेहरा होता तो.

नेल्सनला मात्र हे सगळं जड जात होतं. कमिटीत त्याच्या बँकेचे दोन वरिष्ठ होते. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "मम्मी, प्लीज. तू लेक्चर देतेस, ऐकून मला घ्यावं लागतं." बाई म्हणाल्या, "खरं आहे, बाळा. तू म्हणत असशील तर उद्यापासून मी गेटवर जात नाही. मी लताबरोबर वळशानं जाईन." दुसऱ्या दिवशी बाई छत्री शोधू लागल्या, तर नेल्सन दारात कार्ड घेऊन उभा. तोच दोघींना गेटपर्यंत घेऊन गेला.

या वर्षी नेल्सनची बदली सिंगापूरला झाली. बाईंनी वसईला परतायचं ठरवलं. फ्लॅट विकला गेला. निघायच्या दिवशी लता म्हणाली, "बाई, आज तुम्ही माझ्याकडे पाहुण्या. खोलीवर नेलं असतं, पण आमच्या कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये पाहुण्यांना परवानगी नाही. बसस्टॉपशेजारच्या टपरीवर इथला दाट करक चहा पाजते."

आम्ही तिघी बागेतून गेटवर आलो. बाईंनी कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. विक्री झाल्याबरोबर ऑफिसनं कार्ड बंद केलं होतं. ज्या गेटमधून त्यांनी लताला रोज पार नेलं, त्याच गेटशी बाई उभ्या राहिल्या आणि गार्ड खाली मान घालून म्हणाला, "सॉरी मॅडम."

बाई हसल्या. "बघितलंस, हक्क किती पातळ असतो? या कार्डाएवढा."

मी माझं कार्ड लावलं. माझा आवाज चढला होता. बागेतल्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. "ह्या माझ्या पाहुण्या आहेत," मी म्हणाले. "दोघीही."

टपरीवर लतानं बाईंना पैसे काढू दिले नाहीत. चहा गोड मिट्ट होता. बाईंनी तो तक्रार न करता संपवला.

नियम अजून बदललेला नाही. पण पाचच्या सुमाराला लताला घेऊन गेटवर जाते, तेव्हा आता मी एकटी नसते. साठेकाकू त्यांच्याकडच्या मेरीला घेऊन येतात आणि गार्डनं विचारायच्या आधीच खणखणीत आवाजात सांगतात, "माय गेस्ट." फळीवरून माणसं जाताहेत. पूल बांधावाच लागेल.

तोवर तुमच्याकडे एक मागणी आहे. तुमच्या इमारतीतही असं एखादं दार, एखादी लिफ्ट, एखादा बाक असेल. आज तुमच्याकडची बाई काम संपवून निघेल, तेव्हा चप्पल घाला आणि तिच्याबरोबर तिथवर जा. कुणी अडवलं तर मोठ्यानं सांगा, ही माझी पाहुणी आहे. फक्त त्याआधी तिला खुर्चीवर बसवून चहा द्या. साखर तिला विचारून घाला.