आमच्या घरीच बंद पडणारा कॉम्प्युटर

मार्चमध्ये मी पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जोडला. सांडोरला, माहेरच्या घरात. वय वर्षं सत्तेचाळीस, हातात स्क्रू ड्रायव्हर आणि समोर यूट्यूब... हौस हो, दुसरं काय!

खरं तर नुसती हौस नव्हती. दिवाळीनंतर बाबा गेले आणि आई घरात एकटी उरली. विरारला आमच्या फ्लॅटवर ये म्हटलं की तिचं एकच उत्तर, "केळी कोन बघील?"

मग मीच ऑफिसात हातापाया पडून घरून काम करायची परवानगी मिळवली. सकाळी डबे झाले की सांडोर गाठायचं, दिवसभर आईजवळ बसून काम करायचं, संध्याकाळी परत. मी इमारतींचे नकाशे काढते, त्याला दणकट मशीन लागतं. साहेबांनी एक महिना दिला... जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा रोज अंधेरी. आणि मग आईला वाडी सोडावीच लागली असती. हे तिलाही ठाऊक होतं.

मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आईने कॅबिनेटला हळदीकुंकू लावलं, मी स्टेटस ठेवलं. दुसऱ्या दिवशी नकाशा अर्ध्यावर असताना निळी स्क्रीन!

मग सुरू झाली माझी डॉक्टरकी. रॅम काढून पुसून पुन्हा बसवली. प्रोसेसरवरची पेस्ट नव्याने लावली. विंडोज दोनदा टाकलं. एखादा दिवस नीट जायचा आणि मी जरा खूश झाले की हा पुन्हा बंद.

शेवटी रिक्षात मांडीवर घेऊन ज्याच्याकडून पार्ट घेतले त्या दुकानदाराकडे नेला. त्याच्याकडे दोन दिवस अखंड चालला, साधा अडकलासुद्धा नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी बनाव रचतेय. घरी आणला, पेन ड्राइव्ह लावला... बंद. महिन्यातले अठरा दिवस संपले होते. मला अक्षरशः रडू आलं.

त्या काळ्या स्क्रीनसमोर बसल्यावर आमचा पहिला कॉम्प्युटर आठवत राहिला. मी डिप्लोमाला होते तेव्हा बाबांनी घेतलेला. आळीतला पहिलाच. त्याला आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं, आणि त्या खोलीत शिरताना चपलाच काय, शेतातून आलेले पायसुद्धा धुवावे लागत. बाबांनी त्याला कधी बोट लावलं नाही. दारात उभे राहून मी काढलेल्या रेषा बघायचे आणि विचारायचे, "आता जिना कुठे काढणार?" काय सुंदर दिवस होते ते...

दुसऱ्या दिवशी दुपारी अनवाणी उभी राहून मागच्या बाजूला प्रिंटरची वायर लावत होते. हात कॅबिनेटला टेकला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. त्याच क्षणी स्क्रीन गेली. मी "आई गं!" म्हणून ओरडले.

आई तिथेच वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "झटका लागला? पायपात पानी घातलं नाय ना औंदा कोनी."

कुठला पाइप? ती उठून मला मागल्या दारी घेऊन गेली. केळीची सुकलेली पानं बाजूला सारली तर जमिनीतून लोखंडी पाइपाचं तोंड वर आलेलं. आमच्या घराचं अर्थिंग! पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा कुणीतरी बाबांना सांगितलं होतं की अर्थिंग चांगलं नसेल तर मशीन टिकत नाही. त्यांनी स्वतः खड्डा खणला, कोळसा भरला, मिठागरावरून जाडं मीठ आणून घातलं. आणि पावसाळा संपला की दर रविवारी त्यात दोन बादल्या पाणी. माती ओली असली तरच भटका करंट जमिनीत उतरतो ना. यंदा पाणी घालणारं माणूसच नव्हतं, आणि माती वाळून खडखडीत झाली होती.

मी मात्र इतके दिवस रॅम पुसत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बल्ब लावून तपासलं, तर अर्थिंगवर तो जेमतेम लालसर पेटला. आम्ही मायलेकींनी बादल्या ओतल्या, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि तोच बल्ब लख्ख पेटला. त्यानंतर आजपर्यंत मशीन एकदाही बंद पडलेलं नाही. साहेबांचा महिना कधीच उलटला. आई वाडीतच आहे, मी रोज तिच्याजवळ आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. तो जुना कॉम्प्युटर माझ्या लग्नाआधीच भंगारात गेला होता. घरात उरले होते दोन पंखे, एक टीव्ही आणि फ्रिज. मग बाबा इतकी वर्षं रविवार न चुकवता पाणी कशासाठी घालत होते? परवा आईला विचारलं.

"तू येतेस ना अधनंमधनं, लापटाप लावतेस. म्हनायचे, पोरीला झटका नको लागायला."

मी यायचे, दोन दिवस राहायचे, चार्जर लावायचे, निघून जायचे. वीस-बावीस वर्षं. मला एकदाही झटका लागला नाही... म्हणून कधी कळलंच नाही.