दोरीचे दोन वेढे

सरलाबाई पेडणेकर दर रविवारी सुखना तलावावर जाऊन काय करतात, यावर चंदीगडच्या मराठी मंडळात भरपूर चघळून झालं होतं. कांचन जोगांचं मत ठाम होतं. बाईंना होडीपेक्षा होडी शिकवणारा बलकार सिंगच जास्त आवडतो! बिचारा बलकार. दोन नातवांचा आजोबा, आणि निम्म्या वेळा बाईंच्याच शिव्या खायचा.

बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर शिडाची होडी तेवढी उरली. पण सत्तरी उलटली की एकटीनं होडी न्यायला क्लबात दरवर्षी परीक्षा. ती आज होती, आणि शिवालिकच्या डोंगरांकडून मे महिन्याचा वारा सुटला होता.

बाईंना वाऱ्याची भीती नव्हती. भीती होती उजव्या हाताची. संधिवातानं बोटं मिटत नव्हती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मंडळाला तर मुळीच नाही. म्हणून शिडाची दोरी त्यांनी तळव्याभोवती दोन वेढे देऊन गुंडाळली. असं करणाऱ्या नवख्यांवर त्या स्वतः खेकसायच्या, "झटका आला की दोरी सोडायची, बाळा! गुंडाळलीस तर सोडणार कशी?"

झटका आलाच. होडी कलली. शीड सैल सोडायचं, हे बाईंना झोपेतही कळलं असतं. हात मात्र सुटेना. डोलकाठी पाण्यावर आडवी झाली आणि दोरीनं बाईंना पाण्याखाली ओढलं.

मोटारबोटीतून मागे असलेल्या बलकारनं चाकूनं दोरी कापली. काठावर आल्यावर म्हणाला, "हाथ दिखाओ जी."

बाईंनी डावा पुढे केला.

"दूसरा."

तळव्यावर लाल वळ होते. बलकारनं परीक्षेचा फॉर्म काढला. म्हणाला, "किसी के साथ जाया करो ना जी. मैं फॉर्म पे वैसा लिख देता हूँ, आप साइन कर दो."

"एस्कॉर्ट लेके? उससे तो घर बैठके टीव्ही देखूँगी," बाई फणकारल्या. फॉर्म त्यांनी सही न करताच परत दिला.

मग ओल्या कपड्यांतच त्या शीड उतरवायला बसल्या. एरवी दहा मिनिटांचं काम, आज तास झाला. शेवटची गाठ काही केल्या सुटेना. बलकार पाठ करून उगाच वल्ही पुसत राहिला.

"बलकार," बाई म्हणाल्या, "खोल दे."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडे मागितलेलं हे पहिलंच काही.