बाटलीमामाचा तक्ता

बाटलीमामाला बाटलीमामा म्हणायचं ते त्याच्या पाठीमागे. समोर सगळे नुसतं मामा म्हणत, आणि तेही जरा जपूनच. दारूच्या बाटलीशी त्याचा जन्मात संबंध आला नव्हता. त्याची बाटली वेगळी. बसच्या आगारात, वर्कशॉपच्या मागे, दोन दारांची एक खोली होती. तिथे ड्रायव्हर लोकांची लघवी घ्यायची, बाटलीत भरायची, सील लावायचं आणि तपासणीला पाठवायची, हे त्याचं काम. हसू नका. एकवीस वर्षं त्याने हे काम इतक्या निगुतीने केलं की देवपूजा करणाऱ्यांनी त्याच्याकडून शिकावं.

खोलीतला नळ चिकटपट्टीने बंद केलेला असे, कारण नमुन्यात पाणी घालायची युक्ती शेंबड्या पोरालाही सुचते. संडासाच्या टाकीत निळा रंग टाकलेला, तोही त्याचसाठी. पेल्याच्या अंगावर उष्णता दाखवणारी पट्टी असायची. ड्रायव्हरने पेला हातात दिला की चार मिनिटांच्या आत मामा ती पट्टी बघणार. थंड निघाली तर माल दुसऱ्याचा, खिशातून आणलेला. एका महाभागाने दुसऱ्याची लघवी गरम पाण्याच्या पिशवीत ठेवून आणली, तर पट्टी पार वरच्या टोकाला. "ताप आलाय का रे तुला?" मामाने विचारलं आणि त्याला घरी पाठवलं तो कायमचाच.

रोज सकाळी सहाला हेड ऑफिसचं बंद पाकीट फुटायचं. त्यात चार नावं. नाव निघालेल्या माणसाने गाडीला हात लावायच्या आधी मामाच्या खोलीत यायचं. लोकांनी मामाला घड्याळ देऊन पाहिलं, पाया पडून पाहिलं, शिव्याही घालून पाहिल्या. मामा ढिम्म हलला नाही.

त्याच्यावर चिडण्याआधी त्याचीही बाजू ऐकून घ्या. आधी तो मेकॅनिक होता. एकदा दरीत गेलेली बस ओढून काढायला त्याला पाठवलं. ड्रायव्हर गोळ्या खाऊन बसला होता, वळण त्याला दिसलंच नाही. माणसं आधीच हलवली होती. मामाने बसमधून अकरा चपला गोळा केल्या आणि त्यांतल्या एकीचीही जोडी लागेना. तो तासभर जोड्या लावत बसला होता. त्यानंतर महिनाभरात या खोलीची जागा निघाली, कोणी अर्ज करेना, मामाने केला.

आणि तक्ता. तक्ता ही मामाची स्वतःची कल्पना, साहेबांची नव्हे. त्याचं अक्षर मोत्यासारखं. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल शाईने त्याने मथळा काढला, 'काहीही लपत नाही', आणि खाली ओळीने लिहिलं, कोणती नशा लघवीत किती दिवस दिसते. दारू, बारा तास. गांजा, नेहमीचा असेल तर महिनाभर. मधे गोळ्यांच्या चार ओळी. सगळ्यात खाली पावडर, म्हणजे हेरॉइन, दोन ते तीन दिवस. तक्ता दाराबाहेर भिंतीवर लावला. वाचून लोकांच्या मनात धाक बसावा, एवढाच त्याचा हेतू.

या तक्त्यावरून त्याचं आणि वकिलाचं रोज वाजायचं. वकील म्हणजे ड्रायव्हरच, मामाच्याच वयाचा, युनियनचं काम करणारा. तोंडाला टाळं नाही म्हणून ते नाव.

"मामा, माझी नोकरी आठ तासांची," वकील म्हणायचा, "आणि लघवी तुला महिन्याभराची लागते. हा कुठला हिशेब?"

"तुझ्यामागे चाळीस माणसं बसलेली असतात."

"असतात ना! मग मी आत्ता शुद्धीत आहे का ते बघ. डोळे बघ, हात बघ, सरळ रेषेत चालवून बघ. मी सुट्टीच्या दिवशी माझ्या घरी माझ्या फुफ्फुसात काय घेतलं, ते तुला कशाला? काल अर्धी बाटली रिचवून आलेला तुझ्या पेल्यातून धुतल्या तांदळासारखा बाहेर येतो. सकाळी त्याचे हात बघितलेस का कधी?"

"दारूला परवानगी आहे, गांजाला नाही. कायदा मी केलेला नाही."

"कायदा करणारे लांब बसलेत. पेला तू धरतोस."

मामा चहाचा कप ठेवून उठायचा. उत्तर नव्हतं असं नाही, पण त्याचं उत्तर म्हणजे त्या अकरा चपला, आणि त्या काही चहाच्या टेबलावर काढून दाखवता येत नाहीत.

आता धाकट्याविषयी. धाकटा म्हणजे मामाचा सख्खा भाऊ, चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा. जाताना आईने त्याचा हात मामाच्या हातात दिला आणि म्हणाली, "याला वाऱ्यावर सोडू नकोस." मामाला आणि वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मूलबाळ झालं नाही. धाकटाच त्यांचं पोर. वहिनीने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, आणि मामाने त्याच आगारात ड्रायव्हर म्हणून चिकटवलं. बारा वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा नाही. लग्न करायचं नाव घेत नव्हता, तेवढीच वहिनीची तक्रार.

पाळ्या बदलून बदलून त्याची झोप उडाली होती. तेव्हा सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तो गच्चीवर जायचा, गांजाची एक विडी ओढायचा, खाली येऊन पोटभर जेवायचा आणि लहान मुलासारखा झोपायचा. वहिनीला माहीत होतं. ती काही बोलली नाही. एकदा मामा गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेला आणि त्याच्या नाकाला ते कळलं.

"झोप लागते, दादा. बाकी काही नाही," धाकटा म्हणाला.

"तुझं नाव पाकिटात निघालं तर मी तुला पाठीशी घालणार नाही. सांगून ठेवतो."

"ठाऊक आहे मला."

"अहो, भांडत नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही," वहिनी मधे पडली. "दिवसभर स्वतःला जुंपून घेतो आणि आठवड्यातून एकदा झोपतो. तेवढं तरी त्याचं त्याला राहू द्या की!"

मामाने ऐकलं नाही. त्याचा जीव धाकट्याच्या नोकरीत अडकला होता. नोकरी गेली की हा पोरगा कुठला, आईला काय तोंड दाखवू, हेच त्याच्या डोक्यात. दुसऱ्या दिवशी त्याने धाकट्याला हाताला धरून तक्त्यासमोर उभं केलं. एकेका ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

"वाचलंस?"

"वाचलं."

"मग सोड ते आजपासून."

"सोडतो," धाकटा म्हणाला. आणि त्याने गांजा खरंच सोडला. शब्दाचा पक्का होता तो.

पुढच्या वर्षात त्याचं नाव तीनदा निघालं. नात्यातल्या माणसाचा नमुना म्हणून साहेबांनी दर वेळी कारकुनाला साक्षीला उभं केलं. तिन्ही वेळा निकाल निर्दोष. मामाची छाती फुगली. वकिलाला मुद्दाम ऐकू जाईल असं तो म्हणाला, "माणसाने मनात आणलं की सुटतं."

घरात मात्र वहिनीची नजर वेगळंच टिपत होती. धाकटा जेवता जेवता थांबायचा, घास हातातच. उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. बोलताना नाक खाजवायचा. न्हाणीघरात गेला की अर्धा अर्धा तास बाहेर येईना. सुट्टीच्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकायचा. हाक मारली की मंद हसायचा, आणि त्या हसण्यात तो नसायचा.

"अहो, हा आपला पोरगा नाही राहिला," ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. "त्याला डॉक्टरकडे न्या."

"दमतो गं तो. गेल्याच महिन्यात नमुना घेतलाय मी माझ्या हाताने. पेला खोटं बोलत नाही."

"आणि माझे डोळे बोलतात?"

मामाने यावर वर्तमानपत्र उघडलं.

चौथ्यांदा नाव निघालं तो मंगळवार होता. पट्टी बरोबर, रंग बरोबर, सील लागलं, दोघांनी सह्या केल्या. जाताना धाकटा दारात थांबून तक्त्याकडे बघत म्हणाला, "पाठ झालाय आता मला, दादा." मामा खूश होऊन म्हणाला, "शाबास." या एका शब्दासाठी पुढे त्याने स्वतःला काय काय म्हटलं, ते सांगण्यात अर्थ नाही.

शनिवारी धाकट्याची सुट्टी. दुपारी बारा वाजता वहिनीने न्हाणीघराचं दार वाजवलं. आत पाणी पडत होतं. साडेबारालाही ते पडतच होतं. मामाने दाराची कडी पान्याने उचकटली. आत काय दिसलं ते एका वाक्यात सांगून टाकतो, कारण दुसरं वाक्य मला जमणार नाही. धाकटा भिंतीला टेकून बसला होता, एक बाही वर सरकवलेली होती, आणि तो केव्हाच गार झाला होता.

पोलिसांनी खिशातल्या वस्तू टेबलावर मांडल्या. त्यांत धाकट्याच्या ड्युटीचा कागद होता, महिन्याच्या पाळ्यांचा. प्रत्येक सुट्टीच्या पहिल्या दिवसाला पेन्सिलने गोल केलेला आणि पुढच्या चौकोनांत बारीक आकडे: एक, दोन, तीन. चौथ्या दिवसापासून कोरं. पोलिसाला काही बोध झाला नाही. "हे काय आहे?" त्याने विचारलं. मामाला मात्र एका नजरेत कळलं. धाकट्याने तक्ता ड्रायव्हरसारखा वाचला होता. ड्रायव्हर वेळापत्रक वाचतो तसा, कोणती गाडी किती वेळ थांबते ते बघत. गांजा महिनाभर मुक्काम ठोकतो. पावडर तिसऱ्या दिवशी निघून जाते. सुट्टीला जोडून तीन दिवसांची रजा घेतली की झालं. झोप तर हवीच होती, नोकरीही ठेवायची होती, आणि दादाला दिलेला शब्दही मोडायचा नव्हता.

मंगळवारच्या नमुन्याचा निकाल पुढच्या बुधवारी आला. मामा तो कागद घेऊन घरी गेला. वहिनीने तो हातात घेऊन सावकाश, मोठ्याने वाचला. "निर्दोष. कामावर पाठवण्यास योग्य." मग तिने त्याची नीट घडी घातली आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तुमचा पेला खोटं बोलत नाही."

त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

महिन्याभराने साहेबांनी मामाला बोलावलं. आधी दुःख व्यक्त केलं, पाणी दिलं. मग म्हणाले, एक चांगली बातमी आहे. आगारात गांजाची प्रकरणं वर्षाला चौदा असायची, यंदा एक. हेड ऑफिसला तक्ता फार आवडलाय, छापून सगळ्या आगारांत लावणार आहेत. खाली मामाचं नाव टाकायचं का, एवढंच विचारायचं होतं.

"साहेब, तो काढून टाका," मामा म्हणाला. मग त्याने ड्युटीच्या कागदाविषयी सगळं सांगितलं, आवाज न चढवता.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. "मग तुमचं म्हणणं काय मामा? लोकांना गांजा ओढून बस चालवू द्यायची?"

वकिलाचं म्हणणं मामाला आता पाठ होतं, पण त्याच्या डोळ्यांसमोर चपला आल्या. "मला नाही सांगता येत, साहेब," तो म्हणाला. "पण शेवटची ओळ तरी पुसा."

"बघू," साहेब म्हणाले.

वकील मात्र या काळात एक अक्षर बोलला नाही. चहाच्या वेळी मामाच्या शेजारी येऊन बसायचा, त्याचा कप भरायचा. मामाला वाटायचं, याने एकदा तरी म्हणावं, बघ मी सांगत होतो. तो म्हणाला नाही, आणि ते जास्तच लागलं.

छापलेला तक्ता आला, काचेच्या चौकटीत. शेवटची ओळ तशीच होती. तो लावून आठवडा झाला असेल, तेव्हा एके सकाळी मामाला दाराबाहेर एक ड्रायव्हर उभा दिसला. तिशीतला, दोन लहान मुलींचा बाप, हसतमुख. आज पाकिटात त्याचं नाव होतं. तक्त्यासमोर उभा राहून तो ओठ हलवत होता आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होता. एक, दोन, तीन.

मामा त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. एकवीस वर्षांत जे तोंडून निघालं नव्हतं, ते निघालं.

"ओढायचंच असेल तर गांजा ओढ बाबा. त्या खालच्या ओळीकडे बघू नकोस. पाया पडतो तुझ्या."

ड्रायव्हर दचकला. त्याने मामाकडे नीट पाहिलं, हा आपल्याला पकडायचा डाव असावा असं, आणि मग जरासं हसला.

"काय मामा, नोकरी घालवता का? गांजा महिनाभर दिसतो. तुम्हीच तर लिहिलंय."

आत कारकून वेळ लिहून घ्यायला थांबला होता. मामाने हातमोजे चढवले आणि पेला पुढे केला.