नव्या वॉर्डातली खैरियत

लखनौच्या आमच्या सरकारी इस्पितळाची नवी इमारत बांधून झाली, रंगवून झाली, भिंतींतून ऑक्सिजनच्या नळ्याही आल्या. पण उद्घाटन व्हायचं होतं, म्हणून दाराला कुलूप. तोवर दम्याचे पेशंट जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात सिलिंडरची वाट बघत पडलेले. माझे वडील त्यातलेच. बँकेच्या नोकरीपायी नागपूर सोडलं आणि इथल्या महानगर नावाच्या मोहल्ल्यातल्या क्वार्टरात म्हातारे झाले.

उद्घाटनाच्या सकाळी साहेबलोकांच्या लक्षात आलं, की मंत्री येणार आणि वॉर्डात पेशंटच नाहीत! मग एकच पळापळ. धुवट कपड्यांतले, फारसे न कण्हणारे पेशंट निवडायला सुरुवात झाली. उपवर मुलीसारखे वडील पसंत पडले. पांढरीशुभ्र चादर, भिंतीतून ऑक्सिजन. थोड्याच वेळात त्यांच्या ओठांचा निळेपणा गेला. आई तोंडाला पदर लावून रडली.

"प्रोग्राम के बाद सब वापस," वॉर्डबॉयनं बजावलं होतं. म्हणून आईनं वडिलांना पढवलं, "मंत्र्यांनी विचारलं तर सरळ सांगा, श्वास घेता येत नाही, इथंच राहू द्या. भीड भिकेची बहीण!"

वडिलांनी मान डोलावली. पण लखनौनं या माणसाला पार बिघडवलं होतं. तब्येत विचारणाऱ्यापुढे दुखणं उगाळणं म्हणजे बेअदबी, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

मंत्री हार सावरत आले. "कहिए, कैसे हैं?"

वडिलांनी मास्क काढला, उठून बसले, हात जोडले. "आपकी दुआ है हुज़ूर, सब ख़ैरियत है।"

"देखिए, नए वॉर्ड का कमाल! इन्हें घर भेजिए, पलंग किसी ग़रीब के काम आए।"

टाळ्या पडल्या. वडीलही सभ्यपणे हसले. मला त्या सभ्यतेचा असा संताप आला, की काय सांगू! दुपारी डिस्चार्ज झाला. पलंग मात्र कुणाच्याच कामी आला नाही. नर्सेसची पदं मंजूर नव्हती, म्हणून संध्याकाळी वॉर्डाला पुन्हा कुलूप.

आठवडा उलटायच्या आत त्यांना रिक्षात घालून आम्ही पुन्हा व्हरांड्यात. तोच वॉर्डबॉय म्हणाला, "अरे बाबूजी, आप तो ठीक हो गए थे!"

वडिलांना बोलवत नव्हतं. तरी ते हात जोडायला लागले. आईनं ते हात धरून खाली दाबले आणि सगळा व्हरांडा वळून बघेल अशी मराठीत ओरडली, "काही ठीक नाही झाले! मरतायत ते!"

तिथं मराठी कुणालाच येत नव्हती. सिलिंडर मात्र आला.