चालू करून दाखव

जुना ट्रॅक्टर घेताना एक नियम मी कधी मोडला नाही. इंजिन थंड असताना जायचं, बॉनेटवर हात ठेवून ते खरंच थंड आहे का बघायचं आणि मालकाला म्हणायचं, चालू करून दाखव. रंग मारता येतो, टायर बदलता येतात, मीटर मागं फिरवता येतो, पण थंड इंजिनाचा पहिला खोकला लपवता येत नाही. या एका नियमावर मी गंगाखेडला जुन्या ट्रॅक्टरांच्या दलालीचं ऑफिस टाकलं, घर बांधलं, दोन पोरींची लग्नं केली. माझ्या बापाकडं सायकलही नव्हती.

हाच नियम मी हार्ड डिस्कलाही लावला.

ऑफिसातला कॉम्प्युटर मी एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासवाल्याकडून घासाघीस करून घेतला होता. ट्रॅक्टरांचे फोटो, कागदपत्रं, सगळं त्याच्यात. काही महिन्यांपासून तो सकाळी नखरे करायचा. मी डब्याच्या कुशीत एक थाप द्यायचो, मग चालू व्हायचा. बायको म्हणायची, "बैलाला तरी आधी हाक मारतेत. तुमी डायरेक्ट हाणायलात."

एका सकाळी थापेनं काम झालं नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ आली, की चालू होण्यासाठी लागणारी डिस्क सापडत नाही. आतून आवाज येत होता. टक्, टक्, टक्, मग थोडं थांबून पुन्हा टक्, टक्. मी बंद करून चालू केला. पुन्हा तेच. वायरी काढून बसवल्या. रॅमची पट्टी काढून खोडरबरनं घासली, हे मी एकाला करताना बघितलं होतं. परत चालू केला. दुपारपर्यंत किती वेळा ते बटन दाबलं, मला सांगता येणार नाही.

ट्रॅक्टरांचे फोटो गेले तर गेले. माझा जीव त्यातल्या एका व्हिडिओत अडकला होता.

आई शेवटचे आठ महिने माझ्याकडं होती. कमरेखालचं सगळं गेलं होतं. तिचं सगळं मी आणि बायकोनं केलं. थोरला भाऊ परभणीला मास्तर. रविवारी सफरचंदं घेऊन यायचा, औषधांच्या चिठ्ठ्या चष्मा लावून वाचायचा आणि चारच्या एसटीनं जायचा. आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींची वंदना झाली आणि हा पांढऱ्या कपड्यांत उभा राहिला. म्हणाला, शेवटच्या दिवसांत आईची सेवा करण्याचं भाग्य मला लाभलं. मामा रडले. चुलते त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी तेव्हा मागं मंडपवाल्याशी खुर्च्यांच्या भाड्यावरून भांडत होतो. पुढं येऊन मी तोंड उघडलं, तर मामा म्हणाले, "आज तरी गप बस." मास्तर बोलला की ते खरं आणि दलाल बोलला की तो भाव, अशी आमच्या भावकीची समज आहे.

पण माझ्याकडं आईच होती. ती जाण्याच्या दोन महिने आधी मी मोठा मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि तिला म्हणालो, आई, तुला काय बोलायचंय ते बोल. तिनं बराच वेळ पदर नीट केला. मग म्हणाली, "थोरला बी पोटचाच हाय. पर मपलं हागणं-मुतणं धाकल्यानं काढलं." एवढं झालं आणि माझा धंद्याचा साधा मोबाइल वाजला. ऊस ओढायच्या ट्रॉलीचं गिऱ्हाईक होतं. मी ओसरीवर गेलो. बोलणं लांबलं. दाराआडून आईचा आवाज येत होता, ती बोलतच होती. मी परत आलो तेव्हा तिनं भिंतीकडं तोंड केलं होतं. मोबाइलवर अकरा मिनिटं झाली होती. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

पुढं तो मोबाइल मी एक्स्चेंजमध्ये दिला, कारण दुकानदार जुन्याला बरा भाव देत होता. देण्याआधी व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये घेतला. दुसरी कॉपी केली नाही. कुणाला पाठवलाही नाही. सौद्याआधी भाव फुटला तर सौदा बसत नाही. मी फक्त भावाला एकदा फोनवर रागाच्या भरात सांगितलं होतं, "वर्षाच्या कार्यक्रमाला ये. तुला आईच उत्तर देईल. अकरा मिनिटं बोललीय."

वर्षाचा कार्यक्रम दहा दिवसांवर आला होता.

गंगाखेडच्या दुरुस्तीवाल्यानं डब्यातून डिस्क काढून त्याच्या मशीनला जोडली. मी म्हणालो, आधी चालू करून दाखव, मग पैशाचं बोलू. टक्टक् झालं, पण क्षणभर पडद्यावर डिस्कचं नाव आलं. माझ्या अंगात बळ आलं. त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी हसलो आणि डिस्क रुमालात गुंडाळून परभणीची बस पकडली. एका दुकानात भाव करायचा नसतो. तीन दुकानं बघितल्याशिवाय माल घेणारा माणूस एक तर नोकरदार, नाही तर येडा.

परभणीत पहिल्या दुकानातला माणूस गोड बोलणारा होता. त्यालाही चालू करायला लावली. दोनदा. दुसऱ्यांदा तर आतली फोल्डरं दिसली. त्यातल्या एकावर मी माझ्या हातानं टाइप केलेलं 'आई' दिसलं. तो म्हणाला, "निघतंय बघा मामा." मी चेहरा पाडून म्हणालो, बघू. खुशी दाखवली की भाव चढतो.

दुसरं दुकान बसस्टँडच्या मागं एका बाईचं होतं. पस्तिशीची असेल. टेबलावर सोल्डरिंगची बंदूक, समोर चार उघडी यंत्रं. तिनं डिस्क हातात घेतली, कानाशी नेली आणि परत रुमालावर ठेवली.

"काका, आवाज करायलीय का ही?"

"करायलीय. लावून बघा की."

"मी लावणार न्हाई. आन् तुमी बी कुठं लावू नका. आतली सुई पडलीय. जितक्या वेळा फिरंल तितकं खरवडून काढंल. ही हैदराबादला न्हाईतर पुण्याला उघडावी लागती."

"आत्ताच फोल्डरं दिसलीत मला. पलीकडच्या दुकानवाल्यानं दाखवलीत."

"मग त्यानंच तुमचं वाटोळं केलं."

"तुमचा भाव सांगा."

"मी करणारच न्हाई तर भाव काय सांगू?"

माझं डोकं सणकलं. पस्तीस वर्षं मी बाजारात आहे. समोरच्याला घाबरवून भाव फिरवायची ही चाल मी स्वतः शेकडो वेळा केलीय. इंजिन खालून गेलंय, आता उघडावंच लागंल, असं म्हणून मी चांगले चांगले ट्रॅक्टर भाव पाडून घेतलेत. मी तिला म्हणालो, "बाई, चालू करून दाखवायची धमक नसंल तर दुकान कशाला मांडायलाव?"

ती चिडली नाही. डिस्क रुमालासकट माझ्या हातात देऊन म्हणाली, "काका, तुमच्या धंद्यात ठोका मारणारं इंजिन चालू ठेवतेत का?"

नाही ठेवत. ताबडतोब बंद करायला सांगतो मी. अजून दहा मिनिटं चाललं तर क्रँक खाईल, असं ओरडतो. हे मला त्या दुकानात उभं राहून माहीत होतं. तरी मी परत गोडबोल्याकडं गेलो, त्याला त्याच्या आकड्याच्या अर्ध्यावर आणलं आणि म्हणालो, लाव.

त्यानं ती दुपारभर लावून ठेवली. एक प्रोग्राम चालू केला, त्यात हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. मी समोर स्टुलावर बसून होतो. टक्टक् मधूनच थांबायचं, मग घासल्यासारखा आवाज यायचा, सुरीला धार लावताना येतो तसा. पट्टी एका जागी थांबली. मग आवाजच बंद झाला. शांतता झाली तेव्हा मला वाटलं, दुरुस्त झाली.

गोडबोल्या म्हणाला, "आता दिसतच न्हाई की हो मामा."

त्याची कॉलर धरायला मी उठलो होतो. शेजारच्या दोघांनी मला धरलं. तो म्हणत होता, "तुमीच म्हणलाव लाव म्हणून." त्याला मी अजून माफ केलेलं नाही. त्यानं नाही म्हणायला पाहिजे होतं.

दोन दिवसांनी मी हैदराबादच्या गाडीत बसलो. तिथला माणूस म्हातारा होता. काचेच्या कपाटात हात घालून त्यानं डिस्क उघडली आणि मला जवळ बोलावलं. आतली तबकडी आरशासारखी लख्ख. त्या आरशावर कुणी बांगडी दाबून फिरवावी तसा गोल ओरखडा, आणि कडेला राखेसारखी भुकटी.

"कित्ती बार चालू करे?" त्यानं विचारलं.

मी मोजायला लागलो. ऑफिसात. गंगाखेडला. परभणीत दोनदा, मग पूर्ण दुपार. मोजणं मधेच सोडलं.

तो भुकटीकडं बोट करून म्हणाला, "ये पावडर है ना, येइच आपका डेटा. पहलेच लाना था भाई."

मी पैसे विचारले. तो म्हणाला, नक्को. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला न घासता पूर्ण भाव सोडला आणि मी डिस्क परत रुमालात गुंडाळली.

कार्यक्रमाला सगळे आले. आईचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला, त्यात ती कुणावर तरी रागावल्यासारखी दिसते. फुलं, मेणबत्त्या, वंदना. भाऊ यंदा बोलायला उभा राहिला नाही. मान खाली घालून जेवला आणि मी पाण्याच्या टँकरपाशी उभा होतो तिथं आला.

"लाव की," तो म्हणाला. "सगळे हायेत."

"न्हाई लावायचं."

"का? मला भेलास?"

"डिस्क गेली. हैदराबादपर्यंत जाऊन आलो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. गिऱ्हाईक मीटरकडं बघतं तसं.

"काय म्हणली होती?"

मी ते वाक्य सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "खरंच हाय ते. आन् फुडं?"

"फुडं काय?"

"अकरा मिनिटं म्हणालास ना. फुडं काय म्हणली? माझं नाव काढलं का?"

वर्षभरात तो व्हिडिओ मी कितीतरी वेळा लावला होता. ते वाक्य आलं की बंद करायचो. मला लागणारा माल तेवढाच होता. बाकीची दहा मिनिटं मी कधी बघितली नाहीत. नंतर बघू, असं म्हणायचो.

"म्हाईत न्हाई," मी म्हणालो.

"आईचं बोलणं, आन् तुला म्हाईत न्हाई?"

"न्हाई."

तो जवळ सरकला. आवाज खाली आणला. डोळ्यांत पाणी होतं. "बरं, काय घेशील सांगायचं? माझ्या वाटणीचा समोरचा प्लॉट पाहिजे? घे. सही करतो."

हा प्रश्न मी पस्तीस वर्षं लोकांना विचारलाय. त्या दिवशी गिऱ्हाईक दारात होतं आणि माझ्याकडं माल नव्हता. खोटंही सांगता आलं असतं. तुझं नाव घेऊन रडली म्हणालो असतो तर तो शांत झाला असता. तुला शिव्या दिल्या म्हणालो असतो तर मी झालो असतो. दोन्ही जिभेवर आलं आणि दोन्ही बोललो नाही.

आता आमच्या भावकीत तेच चालतं. आईचे शेवटचे शब्द धाकट्यानं दाबून ठेवले. मामा माझ्या दारावरून जातात, आत येत नाहीत. भावाला मी ते 'खरंच हाय ते' चार लोकांत म्हणायला सांगितलं. तो म्हणाला, आधी तू फुडचं सांग.

डिस्क टेबलाच्या खणात आहे. भंगारवाल्यानं दोनदा मागितली. कधीकधी ओसरीवर उभा राहून मी तो दिवस आठवायचा प्रयत्न करतो. दाराआडून आईचा आवाज येतो, चढतो, उतरतो. एक शब्द लागत नाही. कानाला लावलेल्या मोबाइलमधला ट्रॉलीवाला तेवढा स्पष्ट ऐकू येतो. तो सौदा शेवटी बसला नाही. त्यानं काय भाव मागितला होता, ते मला अजून पाठ आहे.